एक जूनची मुलं

(गुरुजींच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



माझी जन्मतारीख 1 जून आहे. म्हणजे कागदावर आहे. आई सांगायची, मी नागपंचमीच्या आदल्या रात्री झाले. बाहेर पाऊस लागला होता आणि सुईण ओढ्यापलीकडे अडकली होती. साल मात्र तिला सांगता यायचं नाही. "बहात्तरच्या दुष्काळात तू पायांनी चालत खडीच्या कामावर यायचीस," एवढाच तिचा हिशेब. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावला. बोटं डाव्या कानाला टेकली. गुरुजींनी मान हलवली, जनरल रजिस्टर पुढं ओढलं आणि तारीख घातली. त्या दिवशी आम्ही अकरा जण दाखल झालो. अकराही जणांचा जन्म 1 जूनचा.

या सभेत पन्नाशी ओलांडलेली जी मंडळी बसली आहेत, त्यांतल्या कितीजणांचा वाढदिवस माझ्याच दिवशी असतो, हे मी हात वर करायला न लावताही सांगू शकते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. त्या दिवशी मुलाचं वय भरलेलं दिसायला हवं, म्हणून मास्तर 1 जून लिहायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. त्यामुळे दर 31 मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची रांग लागते. एका पिढीचा जन्म शाळेच्या वहीत झाला आणि तिचं म्हातारपणही त्याच वहीनं ठरवलं.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनीच माझी ती तारीख लिहिली. पुढं एकात्मिक बालविकास सेवा योजनेत बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणून माझी सारी नोकरी मुलांची वयं आणि वजनं लिहिण्यात, तपासण्यात गेली. म्हणून आजचा विषय मी निवडला तो असा: आपल्या समाजाची बालपणाची कल्पना सरकारी दप्तरानं कशी घडवली.

मराठीत दप्तर हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. कचेरीतल्या कागदांचं गाठोडं ते दप्तर, आणि मुलाच्या पाठीवरची पिशवी तेही दप्तर. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मूल म्हणजे काय, ते कधीपर्यंत मूल असतं, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची, हे आपण आईआजीकडून शिकलो असं आपल्याला वाटतं. त्यातलं बरंचसं आपण या दप्तराकडून शिकलो आहोत.

त्याआधी काय होतं? आपल्या बोलीत मुलाचं वय आकड्यात नव्हतं. तान्हं, रांगतं, दुडूदुडू पळणारं, मग गुरं वळण्याजोगा, धाकटं भावंड कडेवर घेण्याजोगी, हाताखाली आलेला, न्हाण आलेली. मूल काय करू शकतं, त्यावर त्याचं वय ठरे. या शब्दांवर माझं प्रेम आहे. पण त्यांच्या आठवणीनं हळवं होऊन चालणार नाही. कारण याच मोजणीत मुलीचं बालपण लग्नात संपे आणि बलुतेदाराच्या, सालगड्याच्या पोराचं बालपण पहिल्या कामाला संपे. तिथं थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

मुलांच्या कामाला थांब म्हणणारा पहिला आकडा गिरणीतून आला. 1881 च्या फॅक्टरी कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे तास दिवसाला नऊवर आणले. यामागं निव्वळ दया नव्हती. इथला स्वस्त माल लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना खुपत होता. तरीही मुंबईच्या गिरण्यांत शिरणाऱ्या पोराकडं पाहून याचं वय किती, हा प्रश्न आता विचारावाच लागू लागला. उत्तर द्यायला जन्माची नोंद नसे. मग डॉक्टरनं अंगाकडं पाहून दाखला द्यायचा. नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडत होते, त्याच काळातली ही गोष्ट. पुढं हा आकडा वर सरकत गेला: 1891 मध्ये नऊ, 1922 मध्ये बारा, 1948 मध्ये चौदा.

1891 या सालापाशी मी जरा थांबते. त्या एकाच वर्षी सरकारनं मुलांविषयी दोन कायदे केले. गिरणीच्या कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतच्या कामगाराला मूल ठरवलं आणि त्याचे तास सातवर आणले. संमतिवयाच्या कायद्यानं मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं. म्हणजे तेरा वर्षांची एखादी मुलगी गिरणीच्या दारात मूल होती आणि संध्याकाळी घरी परतल्यावर बायको. हे बारासुद्धा सहज मिळालं नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला आणि 1887 मध्ये न्यायालयानं त्यांना नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं. बेहरामजी मलबारींनी हा प्रश्न लावून धरला. परक्या सरकारनं कायद्याच्या वाटेनं आमच्या घरात शिरू नये, असं लोकमान्य टिळकांचं म्हणणं होतं. महाराष्ट्र या वादात उभा चिरला गेला. त्या वादातली दोन्ही बाजूंची भाषणं आज वाचताना जाणवतं ते हे, की ज्या मुलीविषयी सारे बोलत होते, तिला कुणी मूल म्हणून पाहतच नव्हतं. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, 1949 मध्ये ते पंधरा झालं आणि 1978 मध्ये अठरा. आज 'अठराच्या आत लग्न नको' हे वाक्य गावातली आजीही बोलते. ते तिच्या आजीकडून आलेलं नाही. ते कायद्यातून आलं आणि आता तिचं स्वतःचं झालं आहे.

दुसरी वाट शाळेची. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन दिलं आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सरकारनं ती ऐकली नाही, संस्थानिकांनी ऐकली. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केला. त्या कायद्यात मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा अशी सक्ती होती. इतक्या उदार राजाच्या कागदावरसुद्धा मुलीचं बालपण दोन वर्षांनी आखूड होतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांना शाळा सक्तीची व्हावी, एवढंच ते मागत होते. पुढच्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. राजर्षी शाहूंनी 1917 मध्ये करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. तुमचं मूल फक्त तुमचं नाही, हे बापाला ऐकवण्याची ती पद्धत होती.

राज्यघटनेनं दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं वचन दिलं. शिक्षणहक्काचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो 1 एप्रिल 2010 रोजी. घटना अमलात आल्यापासून साठ वर्षांनी. पण या साऱ्या काळात शाळेनं आपल्या मनावर जे कोरलं, ते कायद्यापेक्षा खोल आहे. अनोळखी मूल समोर आलं की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'बाळ, कितवीत आहेस?' नाव नंतर विचारतो. मुलाची ओळख म्हणजे त्याची इयत्ता, ही आपली पक्की धारणा झाली आहे. नोकरीत फिरताना हा प्रश्न मी हजारदा विचारला. वीटभट्टीवरची पोरं तो ऐकून जमिनीकडं बघायची. उत्तर नसलेला प्रश्न मुलाला केवढा छोटा करतो, हे मला फार उशिरा कळलं. मग मी विचारायला लागले, 'काय खेळतोस?'

1967 मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभरच्या मुलांच्या हाती एक पुस्तक आलं. चंद्रपूरच्या आणि सिंधुदुर्गच्या मुलांना सामाईक बालपण मिळालं, तेही सरकारी छापखान्यातून. पण त्या चित्रांतली आई वर्षानुवर्षं चुलीपाशी राहिली आणि बाबा वर्तमानपत्र वाचत राहिले. 2019 च्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. पुस्तकातल्या एका चित्रानं मोठ्यांना बोलायला लावलं, एवढी या दप्तराची ताकद आहे.

ही ताकद उलटीही चालते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही मुलांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. 1911 च्या कायद्यात तर अशा जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायची तरतूद होती. अशा जमातींसाठी वसवलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण त्या समाजातलं पोर वर्गात असताना कुणाची पाटी हरवली, तर आजही नजरा कुठं वळतात, ते इथल्या शिक्षकांना ठाऊक आहे. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, त्यानं शिकवलेली नजर गेली नाही. सरकार बालपण देऊ शकतं तसं हिरावूनही घेऊ शकतं, आणि हिरावलेलं परत करायला नुसता रद्दचा हुकूम पुरत नाही.

आता मी ज्या खात्यात जगले, त्याबद्दल बोलते. अंगणवाडी हा शब्द सरकारनं घडवलेला नाही. तो ताराबाई मोडक यांचा. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढं 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची, असं या बायांनी ठरवलं. शेणानं सारवलेलं अंगण, तिथंच मुलांची आंघोळ, तिथंच गाणी, आणि शिकायचं साहित्य म्हणजे बिया, पानं, खडे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि मराठी अंगणातला हा शब्द देशभरच्या सरकारी कागदांवर गेला. दप्तरानं मुलांच्या अंगणाकडून शिकल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अंगणवाडीतला वजनाचा दिवस ज्यांनी पाहिला नसेल, त्यांच्यासाठी सांगते. छताच्या हुकाला सॉल्टर काटा टांगलेला असतो, त्याला कापडी झोळी. सेविका मूल झोळीत घालते, ते भोकाड पसरतं, काटा हलत राहतो, मदतनीस पाय धरते. मग दंडाला पट्टी लावायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, की पट्टी लाल दाखवते. नंतर वाढीच्या तक्त्यावर टिंब: हिरव्या पट्ट्यात, पिवळ्यात की केशरी. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी नव्वदच्या दशकात महाराष्ट्राला हादरवलं, तेव्हा असल्या टिंबांचा अर्थ सगळ्यांना नीट कळला.

नोकरीला लागले तेव्हा आया म्हणायच्या, "आमचं पोर अंगानंच बारीक हाय." निवृत्तीच्या सुमाराला त्याच वस्तीवरची एक सून माझ्यासमोर पट्टी हातात घेऊन उभी राहिली: "मॅडम, मागच्या महिन्यात पिवळ्यात होती, आता लालमध्ये का? आहार तर बरोबर देते." पोर बारीक असणं हे नशीब नाही, त्याला कारण असतं आणि ते कारण कुणाला तरी विचारता येतं, हे एका पिढीत आईच्या मनात रुजलं. वजनकाट्यानं ते रुजवलं. मात्र त्याच काट्यानं आमची भाषाही बिघडवली. मासिक बैठकीत आम्ही 'तीन सॅम, सात मॅम' असं बोलायचो; सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित. मुलांची नावं कुणी घेत नसे. एका बैठकीत एक सेविका उठून म्हणाली, "मॅडम, त्या तीनातली एक काल गेली." त्यानंतरच्या प्रत्येक बैठकीत मी नावानिशी यादी वाचायला सुरुवात केली. ते मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

आता या सगळ्या आकड्यांना एका ओळीत उभं करा. अंगणवाडीचं मूल सहा वर्षांपर्यंत. शिक्षणहक्काचं मूल सहा ते चौदा. बालकामगार कायद्यात 2016 पासून चौदापर्यंत मजुरी बंद. पण चौदा ते अठराच्या किशोरांना मनाई फक्त धोक्याच्या कामांना. गुन्ह्याच्या बाबतीत अठरा, आणि 2015 पासून अतिगंभीर गुन्हा असेल तर सोळा ते अठराच्या मुलावर मोठ्यांप्रमाणे खटला चालवायचा की नाही, हे बाल न्याय मंडळ तपासणार. लग्नाला मुलगी अठरा, मुलगा एकवीस. प्रत्येक खात्याचं मूल वेगळं. या खात्यांच्या बांधांमधून एक पट्टी मोकळी सुटते: चौदा ते अठरा. आपल्या गावातली मुलगी नेमकी त्या पट्टीत हरवते.

ती कशी, ते इथं वेगळं सांगायला नको. आपला भाग ऊसतोडीचा आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आठवी झाली, मुलगी चौदाची झाली, शिक्षणहक्काचं रजिस्टर तिच्यापुरतं मिटलं. वसतिगृहात जागा नाही, गावी म्हाताऱ्या आजीजवळ एकटी ठेवायची भीती, आणि लग्न लावलं तर नवा कोयता तयार होतो. तिचं लग्न आईबापांच्या अडाणीपणामुळं होतं असं आपण भाषणात म्हणतो. मी अशा कितीतरी आयांशी बोलले आहे. त्यांना अठराचा आकडा तोंडपाठ असतो. चौदानंतरच्या चार वर्षांत पोरीला कुठं ठेवायचं, याचं उत्तर मात्र कुठलंच खातं त्यांना देत नाही. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड हे सारं चांगलंच आहे. पण त्याचा भर चौदाच्या आतल्या मुलांवर राहिला. म्हणून माझा ठाम निष्कर्ष असा: ज्या वयापर्यंत सरकार मुलाची जबाबदारी घेतं, त्याच वयापर्यंत गरीब समाज त्याला मूल मानू शकतो. कायद्यात बालपण अठरापर्यंत लिहून व्यवस्था चौदापर्यंतच केली, तर घरं व्यवस्थेप्रमाणे वागतात.

आता पुन्हा 1 जूनकडं येते. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये वय ठरवण्याचा क्रम सांगितला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे कानाला हात टेकवून मास्तरांनी लिहिलेल्या तारखेवर एखादा मुलगा बालगृहात जाणार की नाही, हे ठरू शकतं. हे कळलं तेव्हा मी गुरुजींना भेटायला आले होते. ते थकले होते, पण स्मरण शाबूत होतं. त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. जनरल रजिस्टरात घातलेल्या तारखांशेजारी आयांनी सांगितलेलं त्यांनी या वहीत वेगळं उतरवून ठेवलं होतं: 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'बैल दगावला त्या साली', 'ओढ्याला पूर, सुईण अडकली'. शेवटची नोंद माझी होती. "रजिस्टरात हे लिहायला रकाना नव्हता," ते म्हणाले, "म्हणून इकडं ठेवलं."

आता 1 जूनची मुलं यापुढं जन्मणार नाहीत. जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. हे व्हायलाच हवं होतं. पण फडावरच्या खोपीत, वीटभट्टीवर, पालावर होणाऱ्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत कुणी करायची? टोळी तोवर दुसऱ्या कारखान्यावर गेलेली असते. गुरुजी निदान अंदाजानं तरी त्या मुलाला रजिस्टरात घेत होते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, हे शिक्षणहक्क कायद्याचं कलम 14 अजून जागेवर आहे. नवा दाखला त्या कलमावर भारी पडू द्यायचा नाही, हे काम शिक्षकांचं आहे आणि आपलं सगळ्यांचंही.

सरकारनं मुलांच्या आयुष्यातून बाजूला व्हावं, असं मी म्हणत नाही. पैसेवाल्याच्या मुलाला बालपण घरातून मिळतं. भूमिहीनाच्या मुलाला ते आजवर अंगणवाडीनं, शाळेच्या खिचडीनं आणि गुरुजींच्या रजिस्टरानं दिलं. मला हवं आहे ते एवढंच, की या रजिस्टरांना अठरापर्यंत पानं जोडली जावीत, आणि गुरुजींच्या वहीसारखा एक रकाना प्रत्येकात असावा, ज्यात मूल आपल्या नावानिशी दिसेल.

पुढच्या महिन्यात दसरा आहे. त्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी ग्रामसभा मागा. चौदा ते अठरा वयाच्या मुलींची नावं सरपंच, मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविका यांना एकत्र बसवून एका कागदावर लिहून घ्या, आणि त्यांतली प्रत्येक मुलगी हंगामाचे सहा महिने कुठं राहणार, कितवीत शिकणार, हे त्या नावापुढं लिहा. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, त्या घरी आपण स्वतः जाऊ. मी येणार आहे.